परवापर्यन्त उघडे

१

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. गहाळ चिठ्ठ्या : दोनशे अठरा.

चष्म्याची भिंगे घासणाऱ्या त्या कार्यशाळेत दिवसाची सुरुवात मिस्त्री करीत. त्या सकाळी त्यांनी पहिल्या घासयंत्राच्या पडद्यावर बोट ठेवले आणि कामांची यादी रिकामी निघाली. दुसऱ्या यंत्रावर तेच, तिसऱ्यावर तेच. एकतीस दुकानांतून येणाऱ्या नंबरांच्या चिठ्ठ्या ज्या एका कप्प्यात साठत, तो संपूर्ण कप्पा कुणीतरी पुसला होता. रविवारपर्यन्तच्या कामांची प्रत वेगळी ठेवलेली असल्याने ती वाचली. सोमवारी दिवसभरात आलेल्या दोनशे अठरा चिठ्ठ्यांची मात्र प्रत निघालेली नव्हती.

मला दुपारी बारा वाजता बोलावणे आले. तंत्रनिकेतनात मी छत्तीस वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर अशा लहान कारखान्यांना सल्ला देतो. सहा वर्षांपूर्वी या भिंगशाळेचे जाळे मीच आखून दिले होते, म्हणून मालकांनी मला बोलावले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"मास्तर, दोनशे अठरा माणसं आज चष्म्याशिवाय बसलीयेत. मेहुण्याचं म्हणणं, हे जाळेवालीचं काम. मला तसं वाटत नाही. पण वाटण्यावर कारखाना चालत नाही. परवापर्यन्त शोधून सांगा. नाही सापडलं तर परवा तिचा इथला शेवटचा दिवस आणि त्या तुमच्या जुन्या संगणकाचाही."

"परवा म्हणजे गुरुवार, तेरा मार्च. किती वाजेपर्यन्त?" मी वही उघडून विचारले.

"अहो, परवा म्हणजे परवा!" मालक हसले. "लिहा, पाच वाजता. तुम्ही काही बदलायचे नाही."

मी लिहून घेतले. तारीख आणि वेळ नसलेली नोंद ही नोंदच नव्हे, असे मी प्रत्येक वर्गाला पहिल्याच तासाला सांगत असे.

२

जाळेवाली हे तिचे टोपणनाव. आठ वर्षांपूर्वी ती माझी विद्यार्थिनी होती. भिंगशाळेतले सोळा संगणक, तीन घासयंत्रे आणि त्यांना जोडणाऱ्या सगळ्या तारा तिच्या ताब्यात. पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी तिला विचारले होते, "ताई, एवढं जाळं टाकलंत, मासे कधी यायचे?" तेव्हापासून ते नाव चिकटले.

तिच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या फळीवर, एक जुना संगणक अहोरात्र चालू असे. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. मागच्या बाजूस फक्त दोन तारा. एक तार बाहेरच्या जगाकडे जाणारी, दुसरी भिंगशाळेच्या आत येणारी. आत येणारे आणि बाहेर जाणारे प्रत्येक अक्षर या संगणकातून जाई. कुणाला सोडायचे, कुणाला अडवायचे, हे तो ठरवी. त्याच्यावरची आज्ञावली मुक्तस्रोत होती, म्हणजे ती कुणालाही उघडून वाचता येते, समजून घेता येते, आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते. विकत मिळणारा सीलबंद डबा न घेता टाकाऊ संगणकावर ही व्यवस्था बसवायची, ही कल्पना माझी. ती उभी केली जाळेवालीने. भिंगशाळेत त्या संगणकाला सगळे "उंबरठा" म्हणत.

उंबरठ्याची रोजनिशी मी प्रथम वाचली. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून बारीक अक्षरे वाचताना मला कागद खिडकीशी धरावा लागतो; जाळेवालीने न सांगताच मोठ्या टाइपात छापून दिली. नोंद स्पष्ट होती. मंगळवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी बाहेरचा एक संगणक उंबरठ्यातून आत आला, नऊ मिनिटे थांबला आणि गेला. त्याने कुलूप फोडले नव्हते. त्याच्यासाठी दार उघडेच होते.

मग मी नियमांची यादी काढली. प्रत्येक नियमाच्या डोक्यावर, तो का केला हे साध्या मराठीत लिहायचे, अशी आमची पद्धत होती. नवा नियम नेहमी यादीच्या शेवटी जोडायचा, हीही. यादीच्या मध्यावरच्या तीन टिपा मी अक्षरशः उतरवून घेतल्या :

"भिंग-पुरवठादारास फक्त वाचण्याची मुभा. १२ जानेवारी २०२४ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत. मंजुरी : मालक."

"परवापर्यन्त उघडे. यंत्र तीन, बाहेरून दुरुस्ती."

"दुकानदारांसाठी नवा मार्ग. २९ जानेवारी २०२४ पासून पुढील सूचनेपर्यंत. मंजुरी : मालक."

सहा वाजून बारा मिनिटांचा पाहुणा मधल्या दारातून आला होता.

मागे पावले वाजली. मालकांचा मेहुणा दारात उभा होता, हातात एका चकचकीत डब्याचे माहितीपत्रक.

"वाचलंत ना, मास्तर?" तो म्हणाला. "परवापर्यंत उघडे. आज मंगळवार. म्हणजे ही टीप रविवारी लिहिलेली. रविवारी कार्यशाळा बंद असताना आत कोण आलं होतं? दरवाज्यावरच्या वहीत एकच सही आहे. तुमच्या शिष्येची."

३

ती सही खरी होती. जाळेवालीने ती नाकारली नाही.

"दर रविवारी येते, सर. प्रत काढायला. कामाच्या दिवशी काढली तर यंत्रं अडखळतात. रविवारची प्रत नसती, तर आज दोनशे अठरा नव्हे, नऊ हजार चिठ्ठ्या गेल्या असत्या."

"मग ही टीप?"

ती खुर्चीत ताठ बसली. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीचा तो चेहरा मला ओळखीचा होता.

"टीप मी वाचली होती. एकदा नाही, खूपदा. नियम माझ्या ताब्यातले. दार बंद केलं नाही, ही चूक माझी. तेवढं लिहून घ्या."

"लिहिली कुणी?"

"उंबरठ्यात शिरायला एकच नाव आहे, सर. 'राखणदार.' ते वापरणारे तीन. मी, मालकांचे मेहुणे आणि तुम्ही. संगणकाला तिघं सारखेच दिसतात."

एकच सामाईक नाव ठेवण्याचा निर्णय माझा होता. लहान जागेत तीन नावे कशाला, असे मी तेव्हा म्हटले होते.

"तुला माहीत आहे कुणी लिहिली ते."

"मला जे माहीत आहे ते सिद्ध करता येत नाही. आणि नोकरी जाणार असलेल्या माणसानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, की त्या बोटाला काय किंमत?" ती उठली. "मला दुकानांना फोन करायचेत. एकतीसपैकी अजून बावीस राहिलीत."

ती कुणाला तरी पाठीशी घालीत होती. ज्याच्यासाठी नोकरीवर पाणी सोडावे असा तिथे कोण होता, हे मला कळेना.

दरम्यान बाहेरच्या पाहुण्याचा पत्ता मी शोधून काढला. तो घासयंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचा होता. फोनवर एक नवा अभियंता आला. मंगळवारी सकाळी सहा वाजता तुम्ही आमच्या भिंगशाळेत शिरलात का, असे मी विचारले.

"सर, ते... ते खरं मशीन होतं?" तो म्हणाला. "आमच्या जुन्या यादीत 'यंत्र तीन, चाचणी' असं आहे. ग्राहकांना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, म्हणून सकाळी लवकर येऊन मी त्याचा कामांचा कप्पा साफ केला. आत जायला काहीच अडलं नाही, म्हणून वाटलं आपलंच आहे."

पुसणारा हात सापडला होता. त्यात कपट नव्हते. पण मालकांना त्यात समाधान नव्हते आणि मलाही नव्हते. पाहुणा चुकून घरात शिरला, हे खरे. त्याच्यासाठी दार उघडे कुणी सोडले?

४

बुधवारी सकाळी मी मिस्त्रींच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. घासयंत्रावर पाण्याची बारीक धार पडत होती आणि मिस्त्री एका भिंगाची कड अंगठ्याने तपासत होते.

"तीन नंबर बाहेरून कधी दुरुस्त केलं होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? गेल्या वर्षी जानेवारीत. त्याचा डोळा गेला होता, मास्तर. ज्या डोळ्यानं ते काच मोजतं तो. कंपनीवाल्यानं तिकडून बसल्या बसल्या ठीक केला." मग माझ्या चष्म्याकडे पाहून ते मिस्कील हसले. "तुमचा आणि त्याचा एकाच आठवड्यात गेला होता की! मी घरी सांगितलंसुद्धा, या वेळी डोळ्यांचं ग्रहमान काही खरं नाही."

मी हसलो आणि वहीत लिहिले : जानेवारी २०२४. मिस्त्रींच्या सांगण्यावरून.

यादीचा क्रमही तेच सांगत होता. नवा नियम शेवटी जोडायचा असल्यामुळे मधली टीप बारा जानेवारीनंतर आणि एकोणतीस जानेवारीपूर्वी लिहिलेली असली पाहिजे. म्हणजे ती टीप कालपरवाच्या रविवारची नव्हेच. मी कार्यालयातून त्या महिन्याची हजेरी मागवली. जाळेवालीच्या नावापुढे तेरा ते अठ्ठावीस जानेवारीपर्यन्त एकच तांबडी रेघ होती : रजा, बहिणीचे बाळंतपण.

ती टीप तिने लिहिलेली नव्हती. तिघांतले दोघे उरले आणि त्यांतला एक मी होतो. म्हणून मी दुसऱ्याकडे गेलो.

मेहुणा जेवत होता. मी हजेरीचे पान त्याच्या डब्याशेजारी ठेवले. त्याने ते वाचले आणि त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तुमचा रोख माझ्यावर आहे?"

"रोख नाही. गणित आहे."

"मग गणितात एक आकडा राहिलाय, मास्तर." त्याने हात पुसले, आपला फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. त्याचे बायकोला पाठवलेले निरोप होते, शेकडो. सगळे मराठीत आणि सगळे इंग्रजी अक्षरांत. "मला मराठी टंकता येत नाही. वेलांटी कुठून काढायची ते आजतागायत कळलेलं नाही. बायको म्हणते, तुमचे निरोप मोठ्यानं वाचल्याशिवाय समजत नाहीत. विचारा तिला."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज होती. ती खोटी नव्हती.

"मला तो डबा हवा होता, हे खरं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुमचा उंबरठा मला कळत नाही, म्हणून. कळत नाही ते घरात ठेवायची मला भीती वाटते. पण ताईंची नोकरी घालवायची म्हणून मी दार उघडं सोडलं नाही, भावोजींची शपथ."

मी वही उघडली. तिघांतले दोघे गेले होते. पद्धतशीर माणसाने त्याच क्षणी तिसऱ्याचे नाव लिहायला हवे होते. मी लिहिले : "चौथी व्यक्ती? शोध घेणे."

५

गुरुवारी दुपारी अडीच वाजता मी अहवाल लिहायला बसलो. चौथी व्यक्ती सापडली नव्हती. निदान जाळेवाली निर्दोष आहे, एवढे तरी मालकांना लेखी द्यावे असा विचार होता. खिडकीजवळचे टेबल, मोठे अक्षर, शाईचे पेन. मी सुरुवात केली :

"सदर मार्ग जानेवारी २०२४ पासून ११ मार्च २०२५ पर्यन्त उघडा होता."

पेन थांबले.

मी वहीतून त्या तीन टिपा पुन्हा काढल्या. जाळेवालीच्या दोन्ही टिपांत 'पर्यंत' होते, आजकाल सगळे लिहितात तसे, डोक्यावर टिंब देऊन. मधल्या टिपेत 'पर्यन्त' होते, अर्धा न जोडून. माझ्या शाळेतल्या गुरुजींनी मला तसे शिकवले होते. नियम बदलून कितीतरी वर्षे झाली. मी बदललो नाही. मी छत्तीस वर्षे फळ्यावर तसे लिहिले आणि मुले मागे हसत. तीन दिवस ते अक्षर माझ्या डोळ्यांपुढे होते आणि मला खटकले नाही. स्वतःचे शुद्धलेखन माणसाला खटकत नाही.

तरीही अक्षर म्हणजे पुरावा नव्हे. मी घरी फोन लावला.

"कपाटात वरच्या फळीवर गेल्या वर्षीची डायरी आहे," मी बायकोला म्हटले. "जानेवारीची पंधरा तारीख काढून वाच."

"आता? भाजी करपेल."

"गॅस बंद कर. वाच."

पाने चाळल्याचा आवाज आला. "सोमवार पंधरा. भिंगशाळेत गेलो. जाळेवाली रजेवर. यंत्र तीनच्या दुरुस्तीसाठी बाहेरचा मार्ग उघडला. बुधवारी जाऊन बंद करणे." ती थांबली. "मंगळवारी विजेचं बिल. बुधवार सतरा, नुसतं 'डोळा' एवढंच लिहिलंय."

"पुढे?"

"पुढे कुठलं? तीन आठवडे पानं कोरी आहेत. सकाळी डॉक्टरांचा फोन आला, एक रुग्ण आला नाही, आजच या, म्हणून. आठवत नाही? तुम्ही नको म्हणत होतात. काहीतरी काम आहे म्हणून अडून बसला होतात. मीच ओढून नेलं." ती किंचित थांबून म्हणाली, "काही झालंय का हो?"

"सापडला," मी म्हणालो.

"कोण?"

मी फोन ठेवला. समोरचा कागद फाडला आणि नवा घेतला.

६

पाच वाजता मालकांच्या खोलीत चौघे होते. मालक, मेहुणा, दाराशी मिस्त्री आणि खिडकीजवळ उभी जाळेवाली. हातात दुकानांची यादी, तिच्यावर खुणाच खुणा. मी उभा राहून अहवाल वाचला. तीन टिपा, हजेरीचे पान, डायरीतला सोमवार, कोरा बुधवार. शेवटच्या ओळीत माझे नाव होते.

मग मिस्त्री म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? दोन्ही डोळे एकाच आठवड्यात."

मालक हसले नाहीत. "मास्तर, तुम्ही? तारखेशिवाय?"

"पुढे काय करायचं ते मला ठाऊक होतं, असं वाटलं. दोन दिवसांत मीच बंद करणार होतो. मग तारीख कुणासाठी लिहायची? पण टीप वाचणाऱ्याचा 'परवा' लिहिणाऱ्याच्या 'परवा'पासून मोजला जात नाही. तो वाचणाऱ्याच्या आजपासून मोजला जातो."

"अगदी तसंच झालं," जाळेवाली प्रथमच बोलली. "रजेवरून आले, टीप वाचली. 'पर्यन्त' लिहिण्याची ती पद्धत सरांची. म्हटलं, आत्ताच लिहिलेली असणार, परवा सर स्वतः बंद करतील. महिन्यानं वाचली, पुन्हा वाटलं, दुरुस्ती चालू असेल, परवा होईल बंद. मग डोळे सवयीनं त्या ओळीवरून पुढे जायला लागले. फोन करून विचारायला हवं होतं. सरांना कसं विचारायचं, म्हणून विचारलं नाही. ती चूक माझीच आहे."

"मंगळवारी का नाही बोललीस?" मी विचारले.

"तुम्ही शोधायला आला होतात, सर. तुम्ही मोजायला बसलात की मध्येच थांबत नाही, एवढं मला माहीत होतं." तिने नजर यादीकडे वळवली. "काल तुमची वही उघडी दिसली, तेव्हा मात्र थोडी धाकधूक झाली."

काल मी वहीत 'चौथी व्यक्ती' असे लिहिले होते. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

मेहुण्याने घसा साफ केला. "भावोजी, एक विचारू? डबा घेतला असता तर हे टळलं असतं?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी प्रामाणिक उत्तर दिले. "कदाचित टळलं असतं. कदाचित त्यातही मी असंच दार उघडलं असतं. फरक एवढाच, की डब्यात माझी ती ओळ राहिली नसती आणि आज या खोलीतून चुकीचं माणूस बाहेर गेलं असतं. उंबरठ्यानं चूक केली नाही. मी जे सांगितलं ते त्यानं केलं, आणि मी ते सांगितल्याचं जपूनही ठेवलं."

मालकांनी अहवाल घडी घालून खणात ठेवला. "ताई, तुमच्या चिठ्ठ्या?"

"दोनशे अठरा पुन्हा आल्या. शेवटची आत्ता साडेचारला. एका आजींनी दुकानात जाऊन परत डोळे तपासून घेतले, त्यांचा कागदच हरवला होता."

"मग उद्या सकाळी यंत्रं चालू करा. आणि ताई, शेवटचा दिवस वगैरे मी म्हटलं होतं ते..."

"ते तारखेशिवाय होतं," ती म्हणाली, आणि खोलीतले सगळे एकदम हसले, मालकही.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा गेलो. 'राखणदार' हे नाव तिने काढून टाकले होते. आता प्रत्येकाला वेगळे नाव होते. मेहुण्याचे होते, कारण त्याने नियम वाचायला शिकायचे कबूल केले होते आणि वेलांटी कुठून काढायची हे मिस्त्री त्याला दाखवणार होते. माझे नाव नव्हते. तसे मीच लिहून दिले होते. मग आम्ही दोघे संपूर्ण यादी वाचायला बसलो. ती मोठ्याने वाची, मी खिडकीशी कागद धरून खूण करी. प्रत्येक टिपेला सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, लिहिणाऱ्याचे नाव. आणखी दोन ठिकाणी 'सध्या' सापडले आणि एका ठिकाणी 'पुढील सूचनेपर्यंत'. तिन्ही तिची होती. ती लाजली, मी पुढची खूण केली.

दुपारी सव्वा वाजता काम संपले. उंबरठ्यातील नियम : त्रेसष्ट. तारीख नसलेले : शून्य.